बांगडी वाढली

रेठवड गावाच्या उगवतीला, जिथं डांबरी रस्ता संपतो आणि बाभळी सुरू होतात, तिथं नगरपालिकेच्या कचरा डेपोचं फाटक आहे. सकाळचं ऊन तिथं आधी सगुणा अवघडेच्या खुर्चीत येऊन बसतं, मग सगुणा येते आणि त्याला उठवते.

बावीस वर्षं तिनं याच डेपोतल्या ढिगावर हातात आकडी घेऊन कचरा वेचला होता. आता ढीग राहिला नव्हता. त्याच्या जागी जाड काळं अस्तर घातलेला खड्डा होता, खड्ड्याच्या अलीकडे पत्र्याची लांब शेड होती, शेडमध्ये सरकता पट्टा होता, आणि सगुणा फाटकावरची तपासनीस झाली होती. गळ्यात ओळखपत्र, कमरेला चाव्या. कोणती गाडी खड्ड्याकडे जाईल आणि कोणती आल्या पावली माघारी फिरेल, हे तिच्या अंगठ्यानं ठरायचं. म्हणजे कागदावर तरी तिच्या अंगठ्यानं. खरं ठरवायची ती 'पारख', पट्ट्यावरचं तपासणी यंत्र.

बंदीचा कायदा येऊन चार वर्षं झाली होती. ज्याचं जगात दुसरं काहीच होत नाही, तेवढंच खड्ड्यात जायचं. कागद, काच, पत्रा, कापड, प्लास्टिक यांना पुन्हा जन्म घेता येतो, म्हणून त्यांना खड्डा बंद. बॅटऱ्या, ट्यूबलाइटी, रंगाचे डबे, उरलेली औषधं यांच्यावर त्याहून कडक नजर, कारण त्यांचं विष काळ्या पाण्यातून झिरपत विहिरी गाठतं. गाडीत बंदीचा माल ठरल्यापेक्षा जास्त निघाला की गाडी माघारी. ती आपल्या आळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, नि आळीनंच ती निवडायची. महिन्यात तीन गाड्या माघारी आल्या तर त्या आळीची घंटागाडी महिनाभर बंद. आपला कचरा आपल्या डोक्यावरून डेपोत आणायचा.

त्या सोमवारी पट्ट्यावर कासार आळीची निम्मी गाडी ओतलेली होती आणि बोर्डावरचा काचेचा आकडा चढत होता. तीन किलो आठशे. चार. पाच किलो दोनशे. शेवटी सहा किलो दोनशेवर तो थांबला आणि लाल दिवा लागला. मर्यादा चार किलोची.

"काय वो मावशी, आज बी लाल?" गाडीचा चालक इस्माईल खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "गेल्या गुरुवारी एक झालीय. ही दुसरी. आळीतल्या बायका मलाच पोत्यात घालून पाठवतील आता."

"तू नुसता चालवतोस की."

"तेच सांगतो मी त्यास्नी. त्या म्हणत्यात, मग काच काय आपल्या पायानं चालत आली गाडीत?"

सगुणानं अंगठा टेकवला. गाडी वळली. जाताना इस्माईलनं घंटेचं गाणं लावलं नाही.

पारखेला काय काय कळतं ते सगुणाला केतकीनं पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. केतकी वाघोलीकर ही यंत्राबरोबर आलेली तरुण इंजिनिअर. पुण्याची पोर, पण भाकरी मोडून खाणारी, म्हणून सगुणाला आवडली.

"मावशी, हिला डोळे आहेत, कान आहेत आणि तुमचे शब्द आहेत," केतकी म्हणाली होती. पट्ट्यावर एक कमान होती. तिच्यातून माणसाच्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश पडायचा, तांबड्याच्या पलीकडचा. प्रत्येक वस्तू त्या प्रकाशातला आपापला घास गिळते आणि उरलेला परत देते. कागदाचा घास वेगळा, सुती कापडाचा वेगळा, दुधाच्या पिशवीचा वेगळा. काय परत आलं त्यावरून पारख वस्तू ओळखायची. पण काचेपाशी ती आंधळी. काच तो प्रकाश जवळजवळ गिळतच नाही, आरपार जाऊ देते. म्हणून काचेसाठी कान होते. पट्ट्यावरचा माल एके ठिकाणी हातभर खाली पडायचा, तिथं चार माइक लावलेले. काच पडल्यावर जशी वाजते तसं दुसरं काही वाजत नाही.

तरी एक काच उरतेच. ओल्या चोथ्यात, फडक्यात गुंडाळलेली, पडली तरी न बोलणारी. सगुणा तिला मुकी काच म्हणायची. तिच्यासाठी पट्ट्याच्या दोन्ही अंगांना चार बाया उभ्या असत. हाताला मुकी काच लागली की म्हणायचं, "काच वाढव." पारख ऐकायची आणि वजन सांगितलं नसेल तर दोनशे ग्रॅम मिळवायची.

हे ऐकणं तिला सगुणानंच शिकवलं होतं. तीन महिने, रोज तासभर, माइकसमोर बसून. "बाटली म्हंजी काच. आरसा म्हंजी काच. बांगडी म्हंजी काच. वाढव म्हणलं की मिळवायचं, कमी कर म्हणलं की काढायचं." वैजू, तिची लेक, लहान असताना काऊ-चिऊ जसं शिकवलं, तसंच. पारख पहिल्यांदा तिचं बोलणं नीट समजली त्या दिवशी, म्हणजे पंधरवड्यापूर्वीच, सगुणानं शेडमध्ये सगळ्यांना गूळ वाटला होता.

*

संध्याकाळी ती कासार आळीत गेली. गाडी आळीच्या तोंडाशी उभी होती आणि ताडपत्रीवर कचरा पसरून सात-आठ बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या. मधोमध हौसाक्का.

हौसाक्का कासार म्हणजे बांगड्यांच्या दुकानाची मालकीण आणि आळीची कचराप्रमुख. सगुणा कचरा वेचायची तेव्हा गावात पाणी मागितलं तर लोक वरून ओतायचे, ओंजळीत. हौसाक्कानं पहिल्याच दिवशी तांब्या हातात दिला होता आणि वर म्हणाली होती, "नीट धर, सांडशील." सगुणाचा नवरा गेला त्या वर्षी तिनंच तिला दुकानात ओढून नेऊन मोरपंखी रंगाच्या बांगड्या भरल्या. हिरव्या नकोत तर नकोत, पण रिते हात मला बघवत न्हाईत, म्हणाली. माझा धंदाच हाय तो.

"या, साहेब," हौसाक्का म्हणाली.

पंचवीस वर्षं ती तिला 'सगे' म्हणत आली होती. सगुणाला ते पायात काटा गेल्यासारखं कळलं.

"अक्का, आसं नगं बोलू."

"मग कसं बोलू? हे बघ. निम्मी गाडी तुझ्या पट्ट्यावर गेली, निम्मी तशीच पोटात परत आली. ही ती निम्मी. आमच्या सुनांनी तांदूळ निवडावं तशी निवडली. काच किती निघाली म्हाईत हाय?" तिनं दुकानातला छोटा काटा पुढं सरकवला. "सव्वाशे ग्रॅम. तीबी झाडलोटीतली, चुरा. आन वरच्या निम्म्यात सा किलो?"

"काच काय सारखी पसरती व्हय, अक्का? एकाच्याच पिशवीत असंल."

"कुणाच्या? नाव सांग, आत्ता जाऊन कान धरते."

"ते कसं सांगू. पण यंत्र खोटं कशाला बोलंल?"

वाक्य तोंडातून गेलं आणि सगुणाला वाटलं, पट्टा उलटा फिरवावा तसं हे मागं घेता आलं असतं तर. हौसाक्का सावकाश हसली.

"खरंय. यंत्र कशाला खोटं बोलंल. खोटं बोलायला आम्ही हाय की." तिनं काट्यावरचा चुरा कागदात गुंडाळला. "तिसरी गाडी माघारी आली की आमच्या सुना डोक्यावर पाट्या घेऊन तुझ्या फाटकात येतील. तू मोज खुर्चीत बसून. आन हे बघ, शुक्रवारी वैजूचा चुडा. बाजारपेठेत एसीचं नवं दुकान झालंय. तिथं भर."

कोपऱ्यातली एक सून खाली मान घालून हसली आणि मग तिला हसल्याचं वाईट वाटलं. सगुणा निघाली. वैजूचं लग्न रविवारी होतं, आणि लेकीच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा हौसाक्काखेरीज कुणी भरेल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. चालता चालता तिच्या ओठांवर ओवी आली. पट्ट्यावर बाया रोज नव्या जुळवायच्या, तशीच आपसूक.

*कागूद काढला येगळा, काढला गं पत्रा, तार*
*सईच्या या बोलण्याची, कुठं टाकू मी गं धार*

*

मंगळवारी दुपारी पट्टा थांबवून बाया शेडमध्येच जेवायला बसल्या. पट्ट्यावर माळी गल्लीची गाडी निम्मी तपासून झालेली. बोर्डावर काच एक किलो चारशे, आणि आकडा जागच्या जागी झोपलेला.

रुक्मा ही चौघींतली थोरली. तिच्या डब्यात नेहमी काहीतरी तळलेलं असायचं. समोर चंपा, जिचं तोंड फक्त घास चावताना बंद असतं.

"रुक्माक्का, बटाट्याच्या काचऱ्या वाढ की मला थोड्या."

सगुणाची नजर सहज बोर्डावर होती. आकडा हलला. एक किलो सहाशे.

पट्टा थांबलेला. त्यावर एक कागदही हलत नव्हता.

"चंपे," सगुणा म्हणाली, "काय म्हणालीस?"

"काचऱ्या वाढ म्हणलं. तुलाबी पायजेत का?"

एक किलो आठशे.

सगुणाच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. ती उठली, माइकपाशी गेली आणि हळूच, एखाद्या घरात डोकावून विचारावं तशी बोलली, "बांगडी वाढली."

दोन किलो.

मग तिला सगळंच दिसलं. कासार आळीची झाडलोट आली की तीत बांगड्यांचे तुकडे असायचेच. नखाएवढे, दाण्याएवढे, बांगड्या भरताना उडालेले. प्रत्येक तुकडा दिसला की बाया हळहळायच्या: अगं बाई, वाढली बघ. ही हिरवी बी वाढली. किती गं वाढल्यात. कारण बांगडी फुटली असं रेठवडात कुठलीच बाई म्हणत नाही. फुटणं हा शब्द बांगडीजवळ आणला की त्याची सावली घरातल्या माणसावर पडते. म्हणून बांगडी वाढते, नारळ वाढवतात. कुणाच्या ध्यानात येण्याआधी हजार वर्षं बायकांनी एका वाईट शब्दावर चांगल्या शब्दाचा पदर घातलेला. आणि पारख तो पदर खरा मानून चार-दोन ग्रॅमच्या तुकड्यापाठी दोनशे ग्रॅम मिळवत होती. तीस वेळा हळहळलं की सहा किलो.

बांगडी म्हंजी काच. वाढव म्हणलं की मिळवायचं. तो आवाज सगुणाचाच होता.

केतकी केबिनमधून धावत आली. सगुणानं सांगितलं तसं तिनं स्वतः माइकसमोर दोनदा म्हणून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "माझी आजी म्हणायची हे. वाढली म्हणायची. माझ्या डोक्यातच आलं नाही, मावशी."

"माझ्या बी न्हाई. मी तर रोज म्हणते. आता दुरुस्ती किती येळात?"

"शब्दाचा अर्थ बदलायचा तर जिल्ह्याची मंजुरी लागते. दोन दिवस."

"कासार आळीची गाडी चारला येती. तिसरी."

केतकीनं घड्याळ बघितलं.

"हिचे कान बंद करता येतील का?"

"कान बंद असताना एकही गाडी आत घ्यायची नाही, असा नियम आहे."

सगुणानं बायांकडं बघितलं. "आन आम्ही तोंड बंद केलं तर?"

केतकीनं थोडा विचार केला. "त्याला नियम नाही," ती म्हणाली.

"पण मग मुकी काच कोण सांगणार?" रुक्मानं विचारलं. "ती सुटली तर ती बी लबाडीच."

"सुटायची न्हाई." सगुणानं एक रिकामी बादली आणून पट्ट्याजवळ ठेवली. "मुकी काच यात टाका. शेवटी मी काट्यावर घालून हिला सांगते, जितकी असंल तितकी. चार किलोच्या वर गेली तर मीच अंगठा लावून गाडी फिरवीन. हौसाक्का पुन्हा माझं तोंड बघणार न्हाई, पण फिरवीन."

"अर्धा तास गप?" चंपा म्हणाली. "मला बाळंतपणात बी जमलं नव्हतं."

चार वाजता गाडी आली. इस्माईलनं माल ओतला आणि त्यालाही ओठावर बोट ठेवून खुणावलं गेलं. पट्टा सुरू झाला. रोज जिथं बोलण्याचा आणि ओव्यांचा गलका असायचा, तिथं फक्त रबराची सळसळ आणि कागदाची कुरबुर. झाडलोट आली, तिच्यात हिरवे, लाल, सोनेरी तुकडे चमकले. चौघींचे ओठ हलले आणि मिटले. चंपानं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मधेच एक फडकं रुक्माच्या हाताला लागलं, तिनं उलगडलं तर लोणच्याची फुटकी काचेची बरणी. तिनं ती बादलीत ठेवली, बाळाला निजवावं तशी, आवाज न करता.

आणि मग माल ओढताना रुक्माचं मनगट पट्ट्याच्या कडेवर आपटलं आणि तिची स्वतःचीच एक बांगडी गेली.

सगळ्या थांबल्या. रुक्माचे डोळे मोठे झाले. हळहळ घशापर्यंत आली, तिथं ती तिनं आवंढ्यासारखी गिळली. चंपाचे खांदे हसण्यानं गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. तुकडे पट्ट्यावरून घरंगळत गेले, हातभर खाली पडले, आणि पारखेनं ते ऐकले. आकडा तीन ग्रॅमनं वाढला. प्रामाणिकपणे, तीनच.

पट्टा रिकामा झाला तेव्हा बोर्डावर काच पाचशे सत्तर ग्रॅम होती. सगुणानं बादली काट्यावर ठेवली. बरणी धरून नऊशे. तिनं माइकसमोर जाऊन एकेक शब्द सावकाश उच्चारला. एकूण एक किलो चारशे सत्तर. हिरवा दिवा लागला.

"बोलू का आता?" इस्माईलनं विचारलं.

"बोल बाबा."

"मला काय बोलायचंच न्हाई," तो म्हणाला, आणि घंटेचं गाणं मोठ्यानं लावून खड्ड्याकडे गेला.

*

कासार आळीत दिवे लागायच्या वेळी सगुणा पोचली. हौसाक्का दुकानात बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत होती. हिरवा दिवा लागल्याचं इस्माईलनं सांगितलेलं तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण तिनं मान वर केली नाही.

सगुणा पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. काचऱ्यांचं, वाढण्याचं, तीन महिने माइकसमोर बसून आपणच कसं शिकवलं त्याचं. "चूक माझी, अक्का. माझ्याच शब्दानं तुझ्या आळीला डाग लावला. आधीच्या दोन्ही गाड्यांची नोंद मी रद्द करून घेणार हाय."

हौसाक्काला काचऱ्यांपाशी हसू आलं होतं ते तिनं दाबलं होतं. आता तिनं दोरा खाली ठेवला.

"त्याचा राग न्हाई मला. शब्द चुकतोय. मी बी माझ्या नातवाला घड्याळ चुकीचं शिकवलंय, तो शाळेत उशिरा जातोय." मग तिचा आवाज उतरला. "सगे, तू मला एक फोन केला असतास तर? लाल दिवा लागला, तू अंगठा लावलास. मधी मी कुठंच न्हाई. मला इचारलं असतंस, अक्का, तुझ्यात काच कुठनं आली गं, तर मी सांगितलं असतं. वाढलेल्या बांगड्या आम्ही पोत्यात साठवतो, वितळवायला पाठवतो. पंधरा वर्षं. गल्लीत चुरा सोडून काय पडतच न्हाई. हे तुला म्हाईत हाय. तू ती पोती उचलून दिलीत मला."

सगुणाला खरंच माहीत होतं. बावीस वर्षांत गावातल्या कुठल्या घरातून काय पडतं हे तिला बोटांनी माहीत होतं. खुर्चीत बसल्यापासून तिनं बोटांना विचारायचंच सोडलं होतं.

"चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. चहा घे. आन वैजूला शुक्रवारी दहाला पाठव, अकराला न्हाई. तिचा हात तुझ्यासारखा जाड हाडाचा हाय, येळ लागतो."

*

शुक्रवारच्या आत जिल्ह्याचा निरोप आला, आणि तो दुरुस्तीचा नव्हता. त्यात म्हटलं होतं, कामगारांनी पट्ट्यावर 'वाढली' न म्हणता 'फुटली' म्हणावे, म्हणजे यंत्रात बदल करावा लागणार नाही.

केतकीनं तो वाचून दाखवला.

"माझ्या तोंडनं यायचं न्हाई ते," रुक्मा म्हणाली. "काढून टाका कामावरनं."

केतकीनं चाचरत सगुणाकडं बघितलं. ती काय विचारणार होती ते सगुणाला कळलं. तिचं कुंकू कधीच गेलं होतं, तिनं म्हटलं तर कुणाचं काय जाणार होतं.

"मला जमंल की," सगुणा शांतपणे म्हणाली. "पण पट्ट्यावर येती ती बांगडी माझी नसती, केतकी. कुणाच्या तरी घरातली असती. माझ्याकडं गमवायला काय उरलं न्हाई म्हणून मी दुसऱ्याच्या घरावर कशाला बोलू? लिही त्यास्नी. आम्ही शब्द बदलत न्हाई. हिला शिकवायला किती दिवस लागतील, तितकं आम्ही बसतो."

केतकीनं लिहिलं. दोन दिवसांची मंजुरी बारा दिवसांनी आली. तोवर कासार आळीची गाडी रोज मुक्यानंच तपासली गेली आणि चंपाला त्याचा अभिमान वाटू लागला. मग एका दुपारी सगळ्या माइकसमोर गोल करून बसल्या. केतकीनं सांगितलं की पारखेच्या आत शब्द एकेकटे ठेवलेले नसतात. कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो, हे ती मोजते. शेजार पुरेसा दाखवला की तिला अर्थ कळतो. म्हणून भरपूर बोला, जसं बोलता तसंच.

"नारळ वाढवला म्हंजी देवापुढं फोडला."

"ताट वाढलं म्हंजी जेवायला घातलं."

"पोर वाढलं म्हंजी थोरलं झालं."

"सासूचं बोलणं वाढलं म्हंजी मी माहेरी गेले," चंपा म्हणाली. केतकीनं तेही राहू दिलं.

शेवटी सगुणा बोलली. "बांगडी वाढली म्हंजी गेली. आम्ही गेली म्हणत न्हाई. तू बी मोजू नगंस. तुकडा वाजला तर तेवढाच धर."

पारखेनं बोर्डावरचा आकडा हलवला नाही. रुक्मानं पुन्हा म्हणून बघितलं, मग चंपानं, मग गंमत म्हणून इस्माईलनं. आकडा गप्प होता, मोठ्या माणसांचं बोलणं कळू लागलेल्या लेकरासारखा. दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर परत गलका सुरू झाला.

*सांजसकाळ सरतो, काळा पट्टा नागावाणी*
*घराघराची सांगतो, माझ्या बोटाला कहाणी*

त्याच आठवड्यात आरोग्य निरीक्षकांच्या मागं लागून सगुणानं एक छोटा नियम करून घेतला. लाल दिवा आणि अंगठा यांच्या मधे एक फोन. आधी आळीच्या प्रमुखाला विचारायचं, मग गाडी फिरवायची. साहेब म्हणाले, वेळ जाईल. सगुणा म्हणाली, जाऊ द्या. आणि वैजूचा चुडा, तो ठरलेल्या शुक्रवारीच दहाला सुरू होऊन पावणेबाराला भरून झाला होता. रविवारी वैजू सासरी गेली, तिकडून दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा आणि सगुणा तिला पट्ट्यावरच्या गमती सांगायची.

*

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी शाळा गल्लीची गाडी लाल झाली. काच नव्हे. औषधं. पारखेनं चंदेरी पट्ट्या ओळखल्या होत्या, एका पिशवीत पस्तीसच्या वर. सगुणानं पिशवी उघडून हातात घेतली. गोळ्या निम्म्या खाल्लेल्या, निम्म्या तशाच. सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या, प्रत्येक पट्टीवर कुणीतरी थरथरत्या अक्षरात वेळ लिहिलेली.

तिच्या बोटांना हे ठाऊक होतं. अर्धी राहिलेली औषधं अशी एकदम, एका पिशवीत भरून येतात, ती माणूस गेल्यावर. दहाव्या-बाराव्या दिवशी कुणीतरी कपाट रिकामं करतं.

लाल दिव्याखाली गाडी उभी होती. तिनं शाळा गल्लीच्या कचराप्रमुखाला, निवृत्त मास्तरांच्या बायकोला, फोन लावला. कसं विचारायचं ते तिला सुचेना.

"काकू, डेपोतनं सगुणा बोलती. तुमच्या गल्लीत कुणी आजारी होतं का वो?"

काकू म्हणाल्या, "अगं, आमचेच हे. आठ महिने अंथरुणावर. तुला कसं कळलं?"

"यंत्राला कळलं. मी नुसतं इचारतेय." सगुणानं पिशवीवर हात ठेवला. "मास्तर..."

"काल डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. पुरते बरे झालेत म्हणाले. यांना एवढा आनंद झाला की घरी आल्या आल्या कपाटच रिकामं केलं कचऱ्यात. मी म्हटलं, अहो, औषधं घंटागाडीत चालत नाहीत. ऐकतील तर ना. आता होईल का गं गाडी माघारी?"

सगुणानं पिशवीवरचा हात काढला. उन्हात त्या पट्ट्या मासोळ्यांसारख्या चमकत होत्या.

"पिशवी परत न्यावी लागंल, काकू. औषधाच्या दुकानात जमा करायची असती. तेवढी नेली की गाडी जाईल आत."

"थांब मग, यांनाच पाठवते न्यायला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय."

"पाठवा," सगुणा म्हणाली. "सावकाश येऊ द्या म्हणावं. गाडी थांबलीय."